डाव्या हातातला पेला

मुलीला एक पत्र हवं होतं. ही मुलगी इतके तास माझ्याजवळ उभी राहून काम शिकली, ही डॉक्टर होण्यालायक आहे, असं एका डॉक्टरनं लिहून द्यायचं. आदल्या वर्षी सगळ्या कॉलेजांनी तिला नाही म्हटलं होतं. ते पत्र नव्हतं म्हणूनच, असं तिचं म्हणणं. यंदा पुन्हा अर्ज केले होते आणि मार्चपर्यंत पत्र पोचायला हवं होतं.

कॉलेज ऑस्टिओपॅथीचं. मला तिनं दोनदा समजावलं तेव्हा कळलं. तिथून बाहेर पडणारे इतर डॉक्टरांसारखेच डॉक्टर असतात, औषधं देतात, ऑपरेशनही करतात. पण त्यांना हातांनी अंग तपासायलाही शिकवतात. कुठलं हाड अडलंय, कुठला स्नायू धरलाय, ते बोटांनी ओळखायचं. मी म्हटलं, "म्हणजे तुझी आजी करायची तसं." ती हसली. "आई, आजीकडे लायसन्स नव्हतं."

तिनं किती डॉक्टरांना लिहिलं, किती क्लिनिकांत फोन केले, कुणी उभं करून घेईना. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं उत्तर आलं. दर शनिवारी ये, म्हणाले. आठ शनिवार झाले की पत्र देईन.

हे म्हणाले, "एकटी जाऊ नकोस. आईला ने."

"बाबा, मी ट्वेंटी-थ्री आहे!"

"म्हणूनच म्हणतो."

अशी मी जायला लागले. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलहून पाऊण तासावर ते गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ आणि त्यातून वर आलेली मक्याची खुंटं. क्लिनिक म्हणजे डॉक्टरांचं घरच. पुढच्या दोन खोल्यांत पेशंट, मागे ते आणि त्यांची बहीण राहायचे. बहीण दारातल्या टेबलाशी बसायची. दोघांचे चेहरे इतके सारखे, की पहिल्या दिवशी मला वाटलं, डॉक्टरच बाईचे कपडे घालून बसलेत.

बसायच्या खोलीत एका खांबाला माणसाच्या पाठीचा पूर्ण कणा टांगलेला होता. प्लास्टिकचा. बाहेरचं दार उघडलं की तो हलायचा आणि दार लावल्यावरही बराच वेळ हलत राहायचा. पेशंट यायचे, कुणी कुणाशी बोलायचं नाही. आतूनही आवाज यायचा नाही. दवाखान्यात कण्हणं असतं, पोरं रडतात. इथं नुसती घर गरम ठेवणाऱ्या पाण्याच्या नळांची टकटक. आतलं दार अर्धं उघडं असायचं. टेबलावर कुणीतरी पालथं पडलेलं, डॉक्टर डोळे मिटून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे, त्यांच्या मागे माझी मुलगी. तिघंही हलत नसत. एकदा मी बघत होते, तर तिचे हात हवेत डॉक्टरांच्या हातांसारखेच पसरलेले होते, तळवे खाली. तिलाही ते ठाऊक नसावं. मला तिला हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

मी स्वतः अशीच उभी राहिलेली आहे. माझी आई गावात बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालायची. मी चौथीत होते. सकाळी शाळेआधी तिच्या मागे जायचे, तेलाची वाटी धरून. ती बोलायची नाही. हात पुढे करायची, मी वाटी पुढे करायची.

पहिल्या शनिवारी मी थर्मासमध्ये चहा नेला होता आणि घरातले स्टीलचे पेले. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं. पेशंट संपल्यावर मी डॉक्टरांना चहा दिला. त्यांनी पेला सबंध मुठीत धरला आणि ओरडले. अर्धा चहा सांडला. त्यांची बहीण हसत सुटली. मला जमिनीत जावंसं झालं. या लोकांचे कप कानाचे असतात हे मी रोज बघते, तरी पेलेच नेले.

डॉक्टर काहीतरी म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई, ते विचारतायत, तुझी आई मला मारायला आली आहे का?"

मी मान हलवून नाही म्हटलं, तेव्हा तर सगळेच हसले. मग मी त्यांना दाखवलं. अंगठा वरच्या काठाला, बोट खालच्या काठाला. मधे हात लावायचा नाही. त्यांनी शाळेतल्या पोरासारखं दोनदा करून पाहिलं. पुढच्या शनिवारी मी कानाचे कप नेले, तर म्हणाले, नको, तेच पेले आण. तेव्हापासून दर शनिवारी ते पेला काठाला धरायचे आणि माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, बरोबर ना?

सहाव्या शनिवारी एक पेशंट आला नाही. डॉक्टर मुलीला म्हणाले, तुझ्या आईला बोलव, डोक्याचं कसं बघतात ते शिकवतो. मला परक्या माणसानं हात लावायचा म्हणजे अंगावर काटा आला. पण मुलगी डोळ्यांनी विनवत होती. मी आडवी झाले. ते माझ्या डोक्याशी बसले आणि दोन्ही तळवे माझ्या डोक्याखाली घातले. बस्स. चोळायचं नाही, दाबायचं नाही. नुसतं धरायचं. नळ टकटक करत होते. थोड्या वेळानं मला त्यांचा उजवा हात ऐकू येतोय असं वाटलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. तो हात विचारत होता, थांबत होता, पुन्हा विचारत होता. आणि डाव्या बाजूला काही नव्हतं. हात होता, ऊबही होती, पण कुणीतरी हात तिथं ठेवून निघून गेल्यासारखं.

मी तो हात ओळखला.

चौथीतच होते. आई माझ्या दोन वेण्या घालत होती. एका बाजूला केस ओढले जात होते, दुसऱ्या बाजूला हात नुसता पडला होता. शाळेच्या वाटेवर डावी वेणी आपोआप सुटली. आईची वेणी कधी सुटत नसे. मी ती तशीच हातात धरून शाळेत गेले. कुणाला सांगायचं, आणि काय सांगायचं? चार दिवसांनी एका बाळंतिणीच्या घरी तेलाच्या हातांनीच आई एका अंगावर कलली. लकवा. बाळ पाटावर होतं म्हणून वाचलं. मी पुन्हा शाळेत गेले नाही, आईजवळ कुणीतरी हवं होतं.

गाडीत मी मुलीला म्हटलं, "डॉक्टरांचा डावा हात बरा नाही."

"म्हणजे? दुखतोय?"

"नाही. हात होता, पण त्या हातात ते नव्हते."

"आई, प्लीज यार. किती क्रीपी बोलतेस."

मग मी तिला वेणीचं सांगितलं. तिला ते कधी सांगितलं नव्हतं. ती गाडी चालवत राहिली. आमच्या घराचं वळण मागे गेलं तरी तिला कळलं नाही.

घराच्या दारात गाडी थांबवून ती म्हणाली, "त्यांना काय सांगू? माझ्या आईला तुमचा हात मेलेला वाटला? आपल्याकडे अंगात येणं, भाकीत करणं असलं काही मानत नाहीत, बाबा लहानपणापासून तेच सांगत आलेत. आणि मी त्या डॉक्टरांसमोर जाऊन हे बोलू? दोनच शनिवार राहिलेत, आई. दोन."

"मी कुठं भाकीत करतेय? मला डोक्याखाली जाणवलं ते सांगतेय."

"ते स्वतः डॉक्टर आहेत. त्यांना कळणार नाही?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. गेलं वर्ष तिनं कसं काढलं ते मी पाहिलं होतं. एकेक नकार आला की ती आंघोळीला जायची आणि नळ चालू ठेवायची.

रात्री जेवताना तिनं हळूच विचारलं, "डावाच ना?" मी हो म्हटलं. ह्यांनी विचारलं, काय डावा? मी त्यांच्या पानात भात वाढला.

तो आठवडा मला घरात नीट वावरता आलं नाही. भांडी घासताना मी मधेच थांबायची आणि डावा हात गरम पाण्याखाली धरून बघायची, चटका बसतो का. बसायचा. थोड्या वेळानं पुन्हा धरून बघायची. एकदा मागे वळले तर मुलगी दारात उभी होती, बघत.

सातव्या शनिवारी डॉक्टर नेहमीसारखेच होते. हसले, मुलीला काहीतरी शिकवलं. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं, पण म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं. मी मनाला म्हटलं, बघ, काही नाही. पेशंट संपले. ते टेबलाशी बसून उजव्या हातानं मुलीच्या कागदावर तास लिहीत होते. मी चहा ओतला. पेला पुढे केला, तो त्यांनी न बघता डाव्या हातात घेतला.

सबंध मुठीत.

मी वाट बघितली. ते ओरडले नाहीत. पेल्यातून वाफ निघत होती आणि ते लिहीत होते, मुलीला काहीतरी विचारत होते, गोड आवाजात. बोटं पेल्याभोवती घट्ट मिटलेली, कडेनं लाल होत चाललेली. मुलीनं उत्तर अर्ध्यात सोडलं. तिनं आधी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी तो पेला ओढून घेतला. मला चटका बसला, मी ओरडले. डॉक्टरांनी त्यांचा तळवा वर करून पाहिला. भाजला होता. कुणाचं तरी सामान चुकून आपल्याकडे आलंय, असे ते त्याच्याकडे बघत होते. उठायला गेले तर डावा पाय दुमडला. मुलीनं त्यांना धरलं, खाली बसवलं आणि एका हातानं फोन लावला. तिचा आवाज जराही कापला नाही. बहीण टेबलामागून उठलीच नाही. दार उघडं पडलं होतं, बाहेरून बर्फाची हवा येत होती, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तो कणा हलत होता.

डॉक्टर वाचले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. बोलणं शाबूत राहिलं, पाय काठीनं चालू लागला. डावा हात परत आला नाही. मी मुलीला विचारलं, "आठवडाभर आधी सांगितलं असतं तर?" ती म्हणाली, "कुणालाच सांगता येणार नाही, आई." पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

तीन आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. भावानं पत्र सांगून लिहवून घेतलंय, सही तेवढी राहिली. तिनं ते फोनवर वाचून दाखवलं. मुलीनं मला मराठीत सांगितलं. लिहिलं होतं की, या मुलीची नजर अशी, की जे माझं मला कळलं नाही ते हिला त्या क्षणी कळलं, आणि हिनं एक मिनिटही वाया घालवलं नाही.

मुलगी फोन ठेवून जिन्यावर बसली. म्हणाली, "सात दिवस, आई. आपण सात दिवस घालवले." नंतर म्हणाली, "असं पत्र असलं की कुठंही घेतील मला."

दोन दिवस ती आपल्या खोलीत होती. तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाली, "चहा भर. पेले घे."

डॉक्टर खिडकीशी खुर्चीत होते. डावा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. पेला त्यांनी उजव्या हातानं घेतला, काठाला धरून, पण भुवई उडवली नाही. मुलगी त्यांच्यासमोर उभी राहूनच बोलली. मला इंग्रजी कळतं ते तुटक. आई हा शब्द आला, सहावा शनिवार आला, वेणी आली. ती पत्राचंही बोलली असावी, कारण बहिणीनं तिच्या हातातला कागद छातीशी धरला.

डॉक्टरांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मुलगी म्हणाली, "विचारतायत, आता काय जाणवतं?"

मी तो हात दोन्ही तळव्यांत धरला. भाजल्याची खूण गुळगुळीत झाली होती. हात ऊबदार होता, जड होता, आणि आत कुणी नव्हतं. मी डोळे मिटले. खूप आत, कोपराच्याही पलीकडून, दुसऱ्या खोलीत कुणी चालावं तसं काहीतरी होतं, की ते माझंच रक्त होतं, मला ठरवता आलं नाही. मी म्हटलं, "त्यांना सांग, मला माहीत नाही." तिनं सांगितलं. त्यांनी मान डोलवली. मग बहिणीकडून कागद घेतला, शेवटच्या दोन ओळींवर रेघ मारली, खाली बराच वेळ काहीतरी लिहिलं, सही केली.

काय लिहिलं ते मुलीनं विचारलं नाही, आणि त्यांनी पाकीट चिकटवून टाकलं. पत्र गेलं. अजून उत्तर आलेलं नाही.

रविवारी मी तिच्या केसांना तेल लावते. पूर्वी ती फोन बघत बसायची. आता बघत नाही. मान ताठ धरून गप्प बसते. मी दोन्ही हात फिरवते, आणि मला कळतं की ती ते मोजतेय, आधी उजवा, मग डावा. डाव्याशी ती श्वास थांबवते. मग मी तिथले केस जरा जोरात ओढते, आणि ती श्वास सोडते.