अण्णांच्या वजनाचं घड्याळ

जावई वाईट नाही, पण उपयोगाचाही नाही, असं माझ्याबद्दल सासरी, वटार गावात, एकमत होतं. सासरे, म्हणजे अण्णा, जन्मभर केळीच्या वाडीत राबलेले. त्यांच्या घरातली पोरंसोरंही कोयता चालवायची. मी पडलो कचेरीतला कारकून! आमच्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये साधा बल्ब गेला तरी माझी बायको विजू शेजाऱ्यांना हाक मारायची.

म्हणून अण्णांनी वटारला नवा बंगला बांधला, तेव्हा मी भर पंगतीत जाहीर करून टाकलं, "वास्तुशांतीला हॉलमधलं घड्याळ माझ्याकडून. लाकडाचं. स्वतःच्या हातांनी बनवून देणार!"

मेहुण्याला ठसका लागला. (वरणाचा, असं तो आजही सांगतो.) अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला आणि आहेरात येऊ घातलेली दोन घड्याळं नको म्हणून कळवलं. आता मी घड्याळ नेलं नसतं, तर तो रिकामा खिळा येणाऱ्याजाणाऱ्याला माझी कहाणी सांगत बसला असता.

मी पेटलो! प्लायवूडची गोल चकती कापून आणली. (सुताराकडून. सगळंच स्वतः करायचं म्हटलं तर झाड लावण्यापासून सुरुवात करावी लागेल!) त्यावर चिकटवायला अक्रोडाच्या गाठीचा व्हिनियर आणला, म्हणजे कागदाएवढा पातळ लाकडी पापुद्रा. काय त्याच्यावरची नक्षी! भोवरे काय, लाटा काय! मी तो विजूला उठताबसता दाखवायचो.

"छान आहे," ती म्हणायची, "पण पोह्यात बुडतोय."

दुकानदाराने बजावलं होतं, गोंद लावला की वर प्लास्टिक घालायचं आणि सुकेपर्यंत सगळीकडून सारखा, भक्कम दाब द्यायचा. मी सढळ हाताने गोंद ओतला, व्हिनियर चिकटवला आणि चकती खुर्चीवर ठेवली. वर प्लास्टिक, त्यावर उशी आणि उशीवर गव्हाचा डबा. डबा कलंडला. मग पाटा ठेवला, तर डावी कड दबली आणि उजवी वर आली. शेवटी मीच चढून बसलो. पण माझ्या वजनाने व्हिनियर सोडाच, उशीसुद्धा दबेना!

तेवढ्यात बेल वाजली. दारात अण्णा! वास्तुशांतीसाठी शिवलेला कोरा चॉकलेटी सफारी घालून आमंत्रण द्यायला आले होते. आडवा-उभा धिप्पाड देह, दारात मावत नव्हता. खरं सांगतो, मला तिथे सासरे दिसलेच नाहीत. मला दिसला दाब!

"या अण्णा, या! इथे या खुर्चीवर बसा!"

"अरे, सोफा रिकामा हाय की."

"सोफ्यात ढेकूण झालेत!"

"काय?" विजू स्वयंपाकघरातून किंचाळली. "आपल्या सोफ्यात?"

अण्णा खुर्चीपाशी आले. "ही उशी नको बाबा, डॉक्टरने कडक जागेवर बसायला सांगितलंय," म्हणत त्यांनी उशी ओढली. तिच्याबरोबर प्लास्टिकही गेलं. खालची चकती बघून ते म्हणाले, "हां, हा पाट बरा," आणि मी तोंड उघडेपर्यंत बसलेसुद्धा! चकतीतून फुस्स करून हवा निघाली. चारी बाजूंनी सारखा दाब! मला इतका आनंद झाला की प्लास्टिकचं काही सुचलंच नाही. (गाठीच्या व्हिनियरला बारीक भोकं असतात आणि त्यातून गोंद वर येतो, हे ज्ञान मला पुढे झालं.)

आता गोंद सुकेपर्यंत अण्णांना उठू द्यायचं नव्हतं. चहा दिला. चकल्या दिल्या. परत चहा. केळीवर कुठले रोग पडतात ते विचारलं.

"जावईबापू, तुम्हाला केळीत कधीपासून गोडी लागली?"

"लहानपणापासून, अण्णा! विजू, अजून चहा!"

"अहो, दूध संपलं!"

"बिनदुधाचा आण!"

एवढ्या चहाचं जे व्हायचं ते झालं. अण्णा चुळबुळायला लागले.

"जरा बाथरूमला जाऊन येतो."

"पाणी गेलंय, अण्णा! टँकर येईलच आता."

मनवेलपाड्यात हे कोणालाही पटायचं. बिचारे पाय आवळून, डोळे मिटून बसले. कपाळावर घाम आला. आणि मी नालायक मनातून खूश, कारण आवळून बसल्यामुळे दाब आणखी वाढला होता!

तेवढ्यात विजूने आत भांडी घासायला नळ सोडला. धो धो!

"पानी आलं!" म्हणत अण्णा ताडकन उठले. त्यांच्याबरोबर घड्याळही उठलं.

"अण्णा, हलू नका!"

"हट! मला आता थांबवत नाय!"

"माझं घड्याळ!"

"कुठं हाय घड्याळ?"

"तुमच्या मागे!"

अण्णा गर्रकन मागे वळले. घड्याळही वळलं. मग ते बाथरूमकडे धावले आणि मी दोन्ही हातांनी चकतीला लटकून त्यांच्यामागे! टर्रर्र! अण्णा आत गेले, दार लागलं. चकती माझ्या हातात राहिली आणि तिच्यावर मधोमध भाकरीएवढा चॉकलेटी सफारी.

अण्णा माझी लुंगी नेसून वटारला परत गेले. विजूने बोलणं टाकलं. मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं. कापड ओढावं तर खालचा व्हिनियर निघत होता आणि नवीन आणायला वेळ नव्हता. शेवटी कापडाच्या कडा गोल कापल्या, त्यावर पॉलिशचे हात मारले, मधोमध भोक पाडून मशीन आणि काटे बसवले आणि देवाचं नाव घेऊन घड्याळ खिळ्यावर चढवलं.

वास्तुशांतीला अण्णांचे एक दोस्त आले होते, लाकडाच्या वखारीचे मालक. ते घड्याळासमोर उभे राहिले ते हलेचनात.

"हे मधलं लाकूड कुठलं? काय बारीक रेषा आहेत, उभ्या-आडव्या! उभा जन्म लाकडात गेला, पण असलं पाहिलं नाही!"

बघता बघता गर्दी जमली. मेहुणासुद्धा आला! माझी छाती फुगली.

"दुर्मिळ आहे," मी म्हणालो. "सहसा मिळत नाही."

"मिळतं की," मागून अण्णांचा आवाज आला. "उरलेलं माझ्या कपाटात हाय. दोन खिसे पण हायत त्याला. आणून दाखवू?"

माझ्या हातच्या कामाचं आयुष्यात तेवढं एकदाच कौतुक झालं, आणि तेही ज्या तुकड्याचं झालं, तो अण्णांनी बसल्या बसल्या केला होता!