सूर्याने दोन दिवस आधी कळवलं होतं

"रिपोर्टमध्ये ऑपरेटर एरर लिही आणि विषय संपव," भावेसर म्हणाले. ऑपरेटर म्हणजे इरफान, आमचा फील्ड सर्व्हेयर. एरर म्हणजे फ्लायओव्हरच्या खांबांच्या खुणा हातभर सरकल्या होत्या आणि तिथे खड्डेही खणून झाले होते.

नोएडातलं आमचं ऑफिस जीपीएसमधल्या चुका दुरुस्त करून नेमकी जागा सांगतं. सूर्यावर ज्वाला भडकली की तिचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो. प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायूचा लोळ, मागाहून येतो. त्याला बहुतेक वेळा एक ते तीन दिवस लागतात. तो आदळला की वरच्या वातावरणात खळबळ माजते, उपग्रहाचा सिग्नल रेंगाळतो आणि जीपीएस चक्क खोटं बोलतं. यावेळी इशारा दोन दिवस आधी आला होता. तो ग्राहकांना कळवणं माझं काम.

मी लिहिलं, "गुरुवारी मोजणी थांबवा." आमच्याकडे असा प्रत्येक मेल आधी सेल्सकडे जातो. सेल्स म्हणजे भावेसर.

"थांबवा काय? क्लायंट पळेल यार. जरा सॉफ्ट कर."

मी केलं. 'सिग्नलमध्ये किरकोळ फरक संभवतो.'

गुरुवारी दुपारी साइटवरून इरफानचा फोन आला. "सर, रीडिंग नाच रही है. रोक दूँ?"

"स्क्रीन पे फिक्स दिखा रहा है ना?" फिक्स म्हणजे यंत्राला जागेची खात्री पटल्याची खूण. वादळात तीही फसवते. मला ते माहीत होतं.

"दिखा तो रहा है, पर..."

"तो चलने दे."

आणि तरी मी 'ऑपरेटर एरर' लिहिलं. सही केली. कंपनीने इरफानला काढलं. भावेसरांनी त्याच दुपारी सगळ्यांना समोसे मागवले. मीही खाल्ला. त्या समोशाचा राग अजून गेलेला नाही.

चार दिवसांनी मी मूळ मेल, सॉफ्ट मेल आणि त्या फोनची हकिगत थेट क्लायंटला पाठवली.

"काय करून बसलास, कळतंय का?" भावेसर केबिनबाहेर येऊन ओरडले.

"कळतंय. गुरुवारीही कळत होतं."

इरफानवरचा ठपका गेला. नोकरी परत देऊ केली, तो फोन मीच केला.

"काम तो चाहिए, सर," तो शांतपणे म्हणाला. "पर आपके नीचे नहीं."

माझी नोकरी टिकली, प्रमोशन गेलं. आता इशारा आला की पहिल्याच ओळीत 'थांबवा' लिहितो. सेल्सला सीसी करतो, विचारत नाही.