पाहुणीसाठी काढलेल्या झोळ्या

कुंदाबाई शाळेत शिरल्या आणि दारातच थबकल्या. सातवीचा वर्ग लख्ख झाडलेला. दाराला झेंडूचं तोरण, फळ्यावर 'सुस्वागतम्', टेबलावर शाल आणि नारळ. आणि छताखालच्या लोखंडी पाइपला रोज लटकणाऱ्या, लेकरं निजवायच्या अकरा झोळ्यांपैकी एकही जागेवर नाही. नुसते हूक.

"पुंडलिकराव!" बाई ओरडल्या.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात हसत हसत आले. "कसं झक्कास दिसून राह्यलं ना बाई? पहाटपासून राबून राह्यलो."

"झोळ्या कुठं आहेत?"

"काढल्या. धुवाले टाकल्या. पुण्याची पाहुणी येऊन राह्यली, अन् तिच्या डोक्यावर जुनी लुगडी लोंबतीन, बरं दिसते काय? गावाची इज्जत हाये का नाई? कालच घरोघर सांगतलं, उद्या लहान लेकरं शाळेत आणू नका म्हणून."

"अन् पोरी?"

पुंडलिकरावांनी मान खाजवली. "पोरी कशा येतीन? लेकरू घरी तं पोरगी घरी. त्यायच्या माया तं कापूस वेच्याले गेल्या."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आता या माणसाला काय म्हणावं? दुष्ट म्हणावं तर तसा नाही. शाळेच्या प्रत्येक कामात पुढे. पण अक्कल वाटत होते तेव्हा हा बहुतेक मंडप बांधत होता!

बोरखडी हे आर्णीच्या पलीकडचं गाव. दिवाळी सरली की इथं कापूस फुटतो आणि शाळेतल्या पोरी गळायला लागतात. वेच्याची मजुरी किलोवर, म्हणून आई उजाडताच शेत गाठते. दीड वर्षाचं लेकरू मग कोणी धरायचं? अंगणवाडी तीन वर्षांच्या आतलं पोर दिवसभर ठेवत नाही. म्हणून ते थोरल्या पोरीच्या कडेवर. थोरल्या पोराच्या नाही हो, पोरीच्याच! होळीपर्यंत तिचा अभ्यास बुडतो, आणि पुढच्या वर्षी ती येतच नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी अशा किती पोरी जाताना पाहिल्या, त्याची आठवण झाली की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांची स्वतःची थोरली बहीण, उमरखेडकडची तानाबाई, आजही एसटीची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेते. तिला अभ्यासाची गोडीच नव्हती, असं घरात सगळे सांगत.

या वर्षी बाईंनी हट्टच धरला. लेकरासकट या म्हणाल्या. वर्गात झोळ्या टांगू, गुडघ्यांमुळे वेच्याला न जाणाऱ्या मैनाबाई त्या हलवतील, पोरी शिकतील. त्यासाठी पुण्याच्या एका शिक्षण फाउंडेशनचं छोटंसं अनुदान मिळत होतं. छोटंसं म्हणजे पाइप, हूक, चार सतरंज्या आणि मैनाबाईंचं मानधन निघेल एवढंच. आणि त्याचा फॉर्म? अगबाई! नाकापेक्षा मोती जड. त्यात रकाने चारच: डिजिटल, विज्ञान, क्रीडा, वाचनालय. झोळीला रकानाच नाही. बाईंनी फोन केला तर पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "मॅडम, सगळ्यात जवळचा पर्याय निवडा ना." मग बाईंनी दात-ओठ खात 'वाचनालय' निवडलं आणि खाली लिहिलं, 'लहान वयोगटासाठी वाचनपूर्व कोपरा'. एवढी मोठी थाप त्यांनी आयुष्यात मारली नव्हती.

पण झोळ्या लागल्या. आणि सातवीतली निकिता, जी मागच्या वर्षी दिवाळीनंतर दिसलीच नव्हती, ती या वर्षी एक दिवस चुकली नाही. भाऊ आयुष झोळीत आणि ही गणितात. अनुदानाचा पहिला हप्ता मात्र आता संपत आला होता. दुसरा मिळणार की नाही, ते आजच्या भेटीवर होतं. नाही मिळाला तर मैनाबाई घरी, झोळ्या घरी आणि ऐन वेच्यात निकिताही घरी.

आणि नेमक्या आजच या शहाण्यानं झोळ्या धुवायला टाकल्या! घरोघरी निरोप धाडावा म्हणेपर्यंत बाहेर गाडी वाजली.

शाल्मली नावाची पंचविशीतली मुलगी हातात टॅब घेऊन उतरली. पुंडलिकरावांनी तिला शाल पांघरली, नारळ दिला आणि गावाच्या परंपरेवर भाषण सुरू केलं. ते थांबेनात. शेवटी शाल्मलीनंच विचारलं, "वाचनकोपरा कुठे आहे? आणि मुली दिसत नाहीत?"

समोर चार पोरं बसली होती. पुंडलिकराव खाकरले. "पोरी... आज जरा घरी कामं..."

"कामं कसली?" बाईंचा पारा चढला. "पोरी घरी आहेत कारण तुम्ही येणार म्हणून यांनी झोळ्या काढल्या! अन् वाचनकोपरा नाहीच आहे ताई. मी खोटं लिहिलं. लेकरं झोपवायच्या झोळ्या आहेत त्या. तुमच्या फॉर्मात त्यांना जागा नव्हती, मी काय करू? उद्या या, न सांगता या, मग पाहा वर्ग."

शाल्मली गोंधळली. "मॅडम, मी समजू शकते. पण मला जे दिसतं त्याचाच फोटो टाकता येतो. इथे तर काहीच नाही. आणि उद्या मी मुकुटबनला आहे."

बाई खुर्चीत बसल्या. इतकं चिडून झाल्यावर त्यांना आता रडू यायला लागलं.

तेवढ्यात दारात निकिता उभी राहिली. पाठीला दप्तर, कडेवर आयुष, त्याच्या नाकाला शेंबूड.

"बाई, अध्यक्षकाकानं लेकरू आणू नोको म्हणलं. पण आज अपूर्णांकाची चाचणी हाये ना? मी याले घेऊन दाराबाहीर बसतो. बाहीरूनच लिहू काय?"

पुंडलिकराव तोरणाकडे बघत राहिले. आयुषनं मात्र भोकाड पसरलं. त्याची झोपायची वेळ झाली होती आणि त्याला गावाच्या इज्जतीशी काही देणंघेणं नव्हतं.

मग पुंडलिकराव पुढे झाले. "ताई, राग मानू नका," म्हणत त्यांनी शाल्मलीच्या खांद्यावरची शाल काढून घेतली, तिची दोन्ही टोकं हुकांना बांधली, गाठी ओढून पाहिल्या आणि आयुषला आत ठेवलं. "ये अंदर, पोरी. चुकलंच मायं," ते म्हणाले आणि स्वतःच झोळीला झोका देत उभे राहिले.

निकिता पेपर लिहायला लागली. शाल्मलीनं तिच्याजवळ बसून हळूच विचारलं, "रोज किती बाळं असतात गं?"

"अकरा," निकिता पेन्सिल न थांबवता म्हणाली, आणि तिनं अकराही नावं सांगितली, कोणतं कोणाचं भावंड तेही. शाल्मलीनं फोटो काढले, नावं टॅबवर उतरवली आणि चाचणी संपेपर्यंत ती हलली नाही. जाताना म्हणाली, "सगळं खरं लिहिते. मंजूर होईल की नाही ते माझ्या हातात नाही."

पंधरा दिवसांनी मेल आली. होळीपर्यंतचा हप्ता मंजूर! आणि सोबत, देवा रे, पुन्हा एक फॉर्म. पहिलाच प्रश्न होता, 'वाचनालयात सध्या किती पुस्तके आहेत?' बाईंनी कडाकडा बोटं मोडली आणि रकान्यात लिहिलं, 'अकरा. सगळी झोपलेली.'

मग त्यांनी तानाबाईला फोन लावला. कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"कायच्या झोळ्या?" तानाबाईनं विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं.

"मीबी तुले शाळेत नेलतं," तानाबाई म्हणाली. "दोन दिवस. दुसरीत होतो मी. तू लय रडे. गुरुजी म्हणे, लेकरू घरी ठेव, मंग ये."

"मंग?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मंग काय बाई," तानाबाई म्हणाली. "तुले कुठं ठेवू?"