कलश आमच्या घरी होता

मोहल्ल्यातलं दत्ताचं देऊळ पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा गुरुजींनी मूर्तीतला देव पाण्यानं भरलेल्या कलशात उतरवून घेतला. आता मूर्ती म्हणजे नुसता दगड, म्हणाले. देऊळ होईपर्यंत कलश कमिटीतल्या कोणाच्या तरी घरी राहणार होता. मी पुढं होऊन म्हटलं, आमच्याकडे ठेवा. बालाघाटात इतकी वर्षं नोकरी केली, पण आमच्या दारात चपलांचा ढीग पहिल्यांदाच लागला. मला ते आवडलं. हे आधी सांगून टाकतो.

आई मधल्या खोलीत खाटेवर होती. त्याच देवळासाठी तिनं जन्मभर वाती वळल्या, आणि आता पांघरूणही तिला ओढता येत नव्हतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. म्हणजे काय, ते तिलाही कळलं होतं.

एकदा आरतीनंतर गुरुजी हळूच बोलले, "माताजींचं कमीजास्त झालं तर सुतक येईल. कलशाले चालत नाही." एवढंच. तिला पाठवा, असं ते म्हणाले नाहीत. ते मी ठरवलं.

खैरलांजीच्या बहिणीला फोन केला. आईला हवापालट होईल, म्हटलं.

"धानाच्या चिखलात कोणती हवा रे, भाऊ?" ती म्हणाली. आणि मग, "आण."

गाडीत बसवताना आईनं विचारलं, "देवाले जागा कमी पडून राह्यली काय, बापा?"

"तसं नाही, आई."

"हौ, तसंच हाये. मले या घरीच मरायचं होतं. पण त्याचा मान मोठा. त्याले सांगजो, मी जातो."

मी दार लावलं.

आठवडाही झाला नाही, बहिणीचा फोन आला. मी खैरलांजीला निघण्याआधीच गुरुजी माणसं घेऊन दारात हजर. आई कुठंही मरो, मुलाला सुतक लागतंच. मला बाजूला उभं करून त्यांनी कलश उचलला आणि समोरच्या दुकानदाराकडे नेला. चपलाही तिकडे गेल्या.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. काका दूर गावी वारले तेव्हा आम्ही इथं सुतक पाळलंच होतं. खरं म्हणजे मधल्या खोलीतला वास आरतीच्या लोकांना येऊ नये, एवढंच मला हवं होतं. सुतकाचं निमित्त गुरुजींनी आयतं दिलं.

नव्या देवळात प्रतिष्ठा झाली. मलाही शाल-नारळ मिळाला, मी घेतला. लोक म्हणतात, मूर्तीत तेज आलंय. मी रोज जातो, घंटा वाजवतो आणि संगमरवर बघून परत येतो. देव एका जागेवरून निघाला हे कसं कळतं, असं गुरुजींना एकदा विचारलं. "आपल्याले कळत नसते," ते म्हणाले. "विधी झाला की झालं."

आईच्या वर्षश्राद्धाला खैरलांजीला गेलो. बहिणीनं ओसरीत चटई टाकली, चहा दिला. आईचा फोटो आतल्या खोलीत होता. मी उठलो, तशी ती दारात उभी राहिली.

"बाहेरच बस, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आत देव हाये."

मी बसलो. चहा प्यायलो.