नंदनवनातला दलाल आणि हरवलेली रजिस्ट्री

ही घटना विसरण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नोकरीतले खून आणि दरोडे विसरलो, पण हे साधं कागदाचं प्रकरण आजही जसंच्या तसं आठवतं. कारण त्यात चूक आरोपीची नव्हती, माझी होती.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी नवा फौजदार होतो आणि नागपूरच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात माझी नेमणूक होती. नंदनवनाकडे तेव्हा घरांचे सौदे जोरात चालत. हे सौदे जमवणारा एक दलाल बाजारातल्या पानठेल्याशेजारी बाकावर बसायचा. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगात धुतलेला सदरा. त्याला ऑफिस नव्हतं की पाटी नव्हती. घर विकायला काढलं की लोक मूळ रजिस्ट्री, म्हणजे घराचं नोंदणी झालेलं खरेदीखत, कापडात बांधून त्याच्या हातात द्यायचे. पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा तिथला रिवाज होता. सौदा जमला नाही तर तो कागद घरपोच परत करायचा.

एके सकाळी हाच दलाल तक्रार घेऊन ठाण्यात आला. एका निवृत्त कारकुनाने घर विकायला काढलं होतं. त्याने सांगितलेली किंमत पूर्ण देणारं गिऱ्हाईक दलालाने आणलं, तर मालक म्हणाला, मला विकायचंच नाही.

"नाही म्हटलं, ठीक आहे जी. मालकाची मर्जी. पण आता त्याच गिऱ्हाइकासंगं चोरून बोलून राहिला. मले बाजूले ठेवून."

मी त्याला ठरावीक उत्तर दिलं. नाही म्हणायचा मालकाला हक्क आहे, दलालीचा वाद दिवाणी आहे, कोर्टात जा.

"कोर्टात काय दाखवू साहेब? लिखापढी तं काहीच नाही."

हवालदार हसला, मीही हसलो. स्टेशन डायरीत दोन ओळी लिहिल्या आणि त्याला वाटेला लावलं.

आठवडाभराने तो घरमालक आला. गिऱ्हाइकाशी सौदा पक्का झाला होता, पण रजिस्ट्री सापडत नव्हती. दलालाने रागापोटी दाबून ठेवली, अशी त्याची फिर्याद. त्याच संध्याकाळी आमच्या खबऱ्याने सांगितलं, की दलाल पानठेल्यावर म्हणत होता, "मले टाळून हा सौदा होते कसा, पाहतोच." तरुण फौजदाराला आणखी काय हवं? मी विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला आणि त्याला उचललं.

"कागद कुठे आहे?"

"वापस केला जी. त्यांच्या घरी नेऊन देल्ला."

"कोणाच्या हातात?"

तो खाली बघायला लागला. "घरी देल्ला."

दिवसभर हेच. हवालदाराने त्याला दोन ठेवून दिल्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खोटं बोलणाऱ्याची हकिकत दर तासाला बदलते, हे मला पुढे अनुभवाने कळलं. याची हकिकत तसूभरही बदलत नव्हती. तेव्हा मला तो निव्वळ कोडगेपणा वाटला.

खातरजमा करायला मी मालकाच्या घरी गेलो. त्याची बायको दारात उभी होती, तो माझ्याशेजारी. मी विचारलं, "बाई, दलालाने तुमच्याकडे कागद दिला होता का?" तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही जी." मी जबाब लिहिला, चहा घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दलालाच्या घराची झडती घ्यायची होती. त्या काळी आरोपीला बेडी घालणं सर्रास चालायचं. सकाळी दहाच्या सुमारास, ऐन बाजाराच्या दिवशी, आम्ही त्याला बेडी घालून त्याच्या नेहमीच्या बाकासमोरून नेलं. घरात एक पत्र्याची पेटी निघाली. आत लोकांच्या रजिस्ट्र्या, प्रत्येक वेगळ्या कापडात, वर मालकाच्या नावाची चिठ्ठी. पंचनाम्यासाठी अंगणात एकेक नाव मोठ्याने वाचलं गेलं आणि कुंपणाबाहेरची गर्दी ते ऐकत राहिली. हवी असलेली रजिस्ट्री मात्र त्यात नव्हती.

झडतीच्या दुसऱ्या दिवशी त्या नावांचे मालक ठाण्यात आले. "साहेब, आमचा कागद आम्हाले वापस द्या." एकामागून एक, रांग लावून. कोठडीच्या गजांमागून दलाल त्यांच्याकडे बघत होता. एकानेही त्याच्याकडे मान वळवली नाही. मार खाताना न रडलेला तो माणूस तेव्हा रडला.

त्याच दुपारी कारकुनाची बायको एकटी आली. पदराखाली डबा होता. तिने तो माझ्या टेबलावर उपडा केला. तुरीची डाळ सांडली आणि डाळीखालून रजिस्ट्री निघाली.

"म्याच ठेवली होती. या घरापायी माह्या पाटल्या गेल्या, बांगड्या गेल्या. विकताना मले कोणी एका शब्दानं विचारलं नाही. दलालभाऊ कागद द्याले आले तवा हे घरी नव्हते. म्या म्हटलं, भाऊ, कोणाले सांगू नका. ते हो म्हणाले."

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मले यांच्यासमोर विचारलं ना साहेब."

मला शरम वाटली. माझ्या सगळ्या तपासाची किंमत त्या बाईने एका वाक्यात सांगितली होती. तिला बाजूला घेऊन एकदा विचारलं असतं, तर ना बेडी लागली असती ना ती रांग.

मी दलालाला सोडलं. एवढा मार खाऊन गप्प का राहिलास, असं विचारलं.

"बाईले जबान देल्ली होती. नवऱ्यानं तिले जितं ठेवलं नसतं." मग तो म्हणाला, "साहेब, एक इनंती आहे. माह्यासंगं बाजारापर्यंत पायी चालता का? ज्या रस्त्यानं नेलं, त्याच रस्त्यानं. लोक पाहतीन, साहेब संगं आहे म्हणून."

मी घड्याळ पाहिलं. बंदोबस्ताला निघायचं होतं. शिवाय वर्दीतल्या अधिकाऱ्याने आरोपीबरोबर चालत जायचं, हेही मनात होतंच. "उद्या बघू," मी म्हणालो. त्याने नमस्कार केला आणि मागच्या गल्लीने निघून गेला.

गैरसमजातून झालेली फिर्याद, असा अहवाल मी पाठवला. घरमालकालाही बोलावून रजिस्ट्री दिली, ती कोणी आणली हे न सांगता, आणि म्हटलं, "निदान चार लोकांत सांगा, त्याच्यावर चुकून आळ आला म्हणून."

तो शांतपणे म्हणाला, "मी त्याला नाही म्हटलं तेव्हाच आमचा संबंध संपला. मी त्याचं काही देणं लागत नाही."

कायद्याने त्याला काय द्यावं लागलं असतं, ते कोर्ट जाणे. पण ज्या माणसाच्या मेहनतीने गिऱ्हाईक दारात आलं, त्याची अब्रू तरी मालकाने राखायला हवी होती, एवढं मला कळत होतं. आणि त्याला दोष देताना मी स्वतः काय केलं होतं, हेही कळत होतं.

बाजारातला बाक रिकामा झाला. पुन्हा कोणी त्याच्या हातात कागद दिला नाही. तो बेशाला भावाकडे राहायला गेला. बेसा तेव्हा शहराबाहेरचं लहानसं गाव होतं. दोनेक वर्षांनी दुसऱ्या तपासासाठी मी तिकडे गेलो आणि त्याची चौकशी केली. भाऊ म्हणाला, "गेला साहेब. शेवटी शेवटी तं घराबाहेरच निघत नव्हता. लोक पाहते म्हणे."

पुढे पंचवीस वर्षं मी नोकरी केली. बाईमाणसाचा जबाब पुन्हा कधी तिच्या घरच्यांसमोर घेतला नाही. चुकून धरलेला माणूस सोडताना त्याच्याबरोबर त्याच्या मोहल्ल्यापर्यंत पायी गेलो, वर्दीत, दिवसाउजेडी. हाताखालच्या पोरांना यात साहेबाचा मोठेपणा वाटायचा. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. आमच्या ठाण्यापासून तो बाजार दहा मिनिटांवर होता आणि ज्याने हात जोडून ती दहा मिनिटं मागितली, त्याला मी ती दिली नाहीत.