रफिकची सावड

रफिक गेला त्या सकाळी मी दौंडच्या सायबर कॅफेत त्याचा मेल उघडून बसलो होतो.

शिरूरच्या दवाखान्यातून त्यानंच सांगितलं होतं, "कंपनीचं उत्तर आलंय का बघ रं."

आलं होतं. मशीननं धाडलेलं. आपल्या योगदानाबद्दल आभार.

ते त्याला कळवायच्या आत मोबाईल वाजला.

आम्ही दोघं इनामगावचे, एका बाकावरचे. मी दौंडला मास्तर झालो. रफिकनं शिरूरला एसटी स्टँडमागं कॉम्प्युटर क्लास काढला. तिथंच त्यानं मराठी टायपिंगचा प्रोग्राम लिहिला आणि कोडसकट सगळ्यांना फुकट देऊन टाकला.

"ओपन सोर्स म्हंजी सावड," तो म्हणायचा. "आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या."

"मग लायसन्समध्ये अट घाल," मी म्हणालो. "जो सुधारणा करील, त्यानं ती परत द्यायची."

"मास्तर, सावडीला कागद करतेत व्हय? आपल्या गावात कवा कुणी केला?"

कुणीच केला नव्हता. जो आला नाही, त्याच्या रानात पुढच्या वर्षी कुणी जात नसे. तेवढं पुरायचं.

मग एक मोठी कंपनी आली. आधी ओपन सोर्सला नावं ठेवणारी, आता त्याचे गोडवे गाणारी.

त्यांचा इंजिनिअर रफिकच्या घरी जेवला. जमिनीवर बसून दोघं दुपारभर कोड वाचत होते.

कंपनीनं प्रोग्राम आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. पुण्यात बोलावून रफिकला शाल दिली. त्यानंतर त्यांच्या चुका हाच दुरुस्त करून देत राहिला.

पुढं त्यांनी त्यात बरेच बदल केले. ते मात्र कुलपात.

त्यांच्या नव्या व्हर्जनवर रफिकचा मूळ प्रोग्राम चालेना. जोडाक्षरं फुटायला लागली. शाळांतून फोन येऊ लागले. क्लास ओस पडला.

त्यानं मेलवर मेल केले. तुमचे बदल दाखवा, मी माझं जुळवून घेतो. मागणं एवढंच.

"येतील रं," तो मला म्हणायचा. "मोठं रान हाय त्यांचं, उशीर व्हनारच."

कंपनीनं मारलं असं मी म्हणणार नाही. तो काविळीनं गेला.

पण वाट बघत गेला.

लोक विचारतात, कंपनीचं ओपन सोर्सवरचं ते प्रेम खरं होतं का?

जेवून गेला तो इंजिनिअर खरा होता, असं मला अजून वाटतं.

पण बैल त्याचे नव्हते.

आजारपणाआधी रफिकनं प्रोग्राम पहिल्यापासून नव्यानं लिहून काढला होता. त्याची सीडी त्याच्या बायकोनं, शमीमभाभींनी, माझ्याकडे दिली. तीन वर्षं ती देवघराच्या फळीवर होती. रोज दिवा लावताना दिसायची.

त्याच्या रीतीनं सोडावी, तर पुन्हा तेच होणार. अट घालावी, तर त्याचा शब्द मोडणार.

शेवटी भाभींना विचारलं.

"त्यांचं मन मोठं व्हतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझं न्हाई. घाला अट."

आज त्याच्या जाण्याचा दिवस.

सकाळी आंघोळ केली, दिवा लावला आणि प्रोग्राम इंटरनेटवर टाकला. सगळ्यांना फुकट. वर रफिकचं नाव. त्याखाली लिहिलं, जो घेईल त्यानं आपल्या सुधारणा परत द्याव्यात.

रफिक, तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे.

अल्ला तुला शांती देवो, मित्रा.

अट मी घातली.