पाठ उत्तम, फळ्याचा उपयोग चांगला!

इतिहासाच्या शिक्षकांनो, सुट्टी लागायचा अवकाश, की प्रशिक्षणाचा आदेश येतो. तुम्ही बोलत असता आणि मागे बसून कोणीतरी काहीतरी लिहीत असतं... ते कुठे जातं, हे कोणी सांगत नाही. तुम्हाला संशय येतो ना? मला तो पन्नासच्या दशकापासून येतो आहे.

तेव्हा मी अंबरनाथच्या शाळेत नवा होतो, कच्च्या नोकरीवर. मे महिन्यात इतिहास शिकवणाऱ्यांचा उजळणी वर्ग निघाला, उल्हासनगरच्या एका बराकीत. लष्कराने सोडलेली जागा... अर्ध्या भागात आमचा वर्ग आणि गोणपाटाच्या पडद्यापलीकडे सिंधमधून आलेल्या कुटुंबांचे संसार.

रोज एकाने तिथल्याच मुलांना घेऊन पाठ द्यायचा, मग बाकीच्यांनी उठून त्याच्या चुका सांगायच्या, अशी पद्धत. मागे शिक्षणखात्याचे साहेब शेरे लिहीत. कुजबुज अशी, की शेरा वाईट गेला तर कच्च्या नोकरीवाल्याला जूनमध्ये शाळेचं तोंड दिसणार नाही. माझ्या पगारावर आई आणि दोन बहिणी जेवत होत्या.

बदलापूरजवळच्या बेलवलीहून पाटील मास्तर येत. त्यांनीच तोडगा काढला. "कोणी कोणाची चूक काढायची नाही. उठायचं, 'पाठ उत्तम, फळ्याचा उपयोग चांगला' म्हणायचं नि खाली बसायचं. बघू साहेब काय लिहितो ते!"

हे सगळ्यांना सांगितलं, फक्त लालवाणी मास्तरांना नाही. ते उल्हासनगरच्याच शाळेतले, स्वतः निर्वासित. रोज साहेबांशेजारी बसून चहा पीत. "साहेबाचा कान आहे तो," पाटील म्हणाले आणि मला ते लगेच पटलं. त्यानंतर पहिलाच पाठ लालवाणींनी दिला, तेव्हा आम्ही "उत्तम, उत्तम" म्हणून मोकळे झालो.

मग माझी पाळी. विजयनगरचा पाडाव! बोलण्यात मी तेव्हाही कमी नव्हतो. हत्ती, तोफा, दरबार... मुलं आ वासून ऐकत होती. "नगर ओस पडलं, प्रजा निघून गेली," म्हणत मी खडू खाली ठेवला.

लालवाणी उठले. "साईं, राजा का सब बताया. पर प्रजा किधर गयी? दूसरे दिन उनका खाना किधर पका? हमारा घर छूटा, तो मेरी घरवाली ने पहले ये ही पूछा था."

मुलं माझ्याकडे बघत राहिली. पडद्यापलीकडे कोणाचा तरी स्टोव्ह फरफरत होता. मी उगाच फळा पुसायला लागलो... आणि मागे साहेबांचं पेन चालू झालं.

वर्ग सुटल्यावर मी लालवाणींना बाहेर गाठलं. "माझ्या पोटावर पाय का दिलात? साहेबांनी सांगितलं होतं का?"

ते माझ्याहून जास्त तापले. "अरे, मेरी नौकरी भी कच्ची है! मैं सवाल पूछता हूँ और जवाब भी खुद देता हूँ. बच्चों को पीठ दिखाके बोलता हूँ. मेरे को मालूम है! और तुम सब बोले, उत्तम! मैं समझ गया, ये लोग मेरे को सुधरने नहीं देंगे. ऐसा ही रखो इसको, जून में अपने आप जाएगा."

"मग साहेबांबरोबर चहा कशाला पिता?"

"तुम में से किसी ने कभी बुलाया?"

आम्ही त्यांच्यावर संशय घेत होतो आणि ते आमच्यावर. बराकीच्या पायरीवर बसून मी त्यांना त्यांच्या पाठातल्या चुका सांगितल्या, एकूण एक. त्यांनी मला सांगितलं, कॅम्पात आल्यावर त्यांच्या घरची पहिली चूल फुटक्या विटांवर पेटली, आणि विस्तव शेजारणीने दिला.

दुसऱ्या दिवशी मी पाठ पुन्हा मागून घेतला. सुरुवातीलाच मुलांना विचारलं, "इथे आलात तेव्हा तुमच्या घरची पहिली चूल कुठे पेटली?" सगळी एकदम बोलायला लागली. तिथून विजयनगरच्या प्रजेपर्यंत मुलंच मला घेऊन गेली.

पाठ संपला आणि पाटील मास्तर उठले. "पाठ बरा. पण आवाज जरा कमी करा, ही काय सभा आहे?" बराक हसली. आमचं ठरलेलं तिथेच मोडलं. त्या दिवशी लालवाणींनी चहा आमच्यात बसून घेतला.

जूनमध्ये आम्ही दोघेही आपापल्या शाळेत होतो. साहेबांनी काय लिहिलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही... त्या कागदांवर माझा आजही विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका. पण त्या संशयापायी शेजारी बसलेला माणूस गमावू नका. मी गमावलाच होता, त्याच्या रागाने वाचवला.

म्हणून एवढंच करा. येत्या प्रशिक्षणात तुमच्या शेजारच्या शिक्षकाला त्याच्या पाठातली एक खरी चूक सांगा. फॉर्मवर लिहू नका... चहाच्या वेळी, तोंडावर सांगा.